बिशान, मोया

टँकर सहा हजार लिटरचा. कागदावर.
तळाशी दोन बोटं गाळ असतो,
तो मी धरत नाही, ऑफिसही विचारत नाही.
ताजुऱ्याहून निघतो फजरच्या बांगेआधी,
कारण नऊनंतर स्टिअरिंग हाताला चटके देतं
आणि खमसीन सुटला
तर रस्ता कुठला नि वाळू कुठली
हे फक्त टायरला कळतं.

बाभळीखाली टाकी आहे. टाकीला चार नळ.
एक गळतो.
रोदा म्हणते, हुमेद, दिवसाला चाळीस लिटर वाया.
मी म्हणतो, वॉशर मागवलाय.
गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो.
दुपारी त्या गळतीखाली कुणाची तरी शेळी येते,
रात्री कोल्हा येत असावा.
सकाळी चिखलात पावलं असतात, बारीक,
शिक्के मारल्यासारखी.

आमच्या अफार बोलीत पाणी म्हणजे ली.
इथं ली कुणी मागत नाही.

पश्चिमेकडून येतात ते म्हणतात बिशान.
अर्सीच्या, हरारच्या डोंगरातली पोरं,
मिठाच्या सरोवराला वळसा घालून
आठ-आठ दिवस चाललेली.
ओठांवर पांढरी पूड. प्लास्टिकच्या चपला, टाचा झिजलेल्या.
समुद्र कुठंय, विचारतात.
मी हनुवटीनं दाखवतो.
समुद्र, मग येमेन, मग सौदी, मग मुकादम, मग पैसे.
पाढ्यासारखं पाठ आहे त्यांना.
पाढा मध्येच तुटतो
हे सांगणं माझ्या कामात बसत नाही.
माझं काम माणशी चार लिटर.

पूर्वेकडून येतात ते म्हणतात मोया.
तीच माणसं.
होडीनं परत आलेली, तिकडची अरबी तोंडात घेऊन.
एकाचा अंगठा नाही.
एकजण दोन बाटल्या भरतो,
दुसरी कुणाला द्यायची ते आठवून
तिथंच वाळूत ओततो.

दोन्ही रांगा एकाच बाभळीखाली.
सावली तेवढीच, म्हणून खेटून बसतात,
पण बोलत नाहीत.

काल एक बाई आली. मोया, म्हणाली.
मी पाइप ओढला, वर पाहिलंही नाही.
तर ती तीन नळांची रांग सोडून
सरळ गळक्या नळाशी गेली,
बाटली टेकवली आणि उकिडवी बसली.

तिथं कुणी जात नाही. धार करंगळीएवढी.
एकदाच मी एका मुलीला सांगितलं होतं,
गेल्या मार्चात, पाइप फुटून ती नखशिखांत भिजली तेव्हा.
केवढी हसली होती.
हा नळ धर, म्हणालो होतो, हळू भरतो पण रांग नसते.
नाव लेन्सा. नारिंगी ओढणी.

ओढणी नव्हती. चेहरा मला ओळखता आला नसता.
बाटली भरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.
मग प्यायली, आणि दुसऱ्या घोटानंतर
अगदी हळू म्हणाली,
मला नव्हे, बाटलीला म्हणावं तसं:
बिशान.

एक पोरगा सरकत तिच्याजवळ आला.
गमाचू की काय, सोळाचाही नसेल.
ताई, तिकडं कसं आहे?

बाभळीखालचे सगळे गप्प झाले.
शेळीसुद्धा चघळायची थांबली
असं मी म्हणेन, पण ती नव्हती थांबली.

लेन्सानं त्याचा डबा घेतला,
गळक्या नळाखाली धरला.
पाच लिटरचा डबा त्या नळावर भरायला
किती वेळ लागतो मला माहीत आहे.
काठोकाठ भरेपर्यंत ती बोलली नाही.
मग त्याच्या पायांकडे पाहत म्हणाली,
चपलांना दोरी बांध.
होडीत निघतात.

त्यानं बांधली. तिथंच, तिच्यासमोर,
चारचारदा गाठ मारून.
ती पश्चिमेला गेली. तो अंधार पडल्यावर
बाकीच्यांबरोबर पूर्वेला.

रोदाच्या फॉर्मवर रकाना आहे: नवीन की जुना?
लेन्साच्या पुढं मी काही लिहिलं नाही.
चार लिटर मात्र लिहिले.

वॉशर डॅशबोर्डच्या खणात आहे.
कधीचाच आलाय.